शीण आणि ऋण

मराठी माणसाने साथीच्या रोगांना दिलेली नावे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर त्यांतून एक वेगळाच इतिहास हाती लागतो. पटकी शिवीत शिल्लक राहिली. आमच्या भागात एखादी म्हातारी नातवावर चिडली की ‘पटकी येवो तुला’ असे सहज बोलून जाते, आणि या दोन शब्दांमागे एकोणिसाव्या शतकातील किती गावांचा आकांत आहे याची तिला कल्पना नसते. देवीचा रोग गेला. नाव मात्र देव्हाऱ्यात आणि जुन्या माणसांच्या चेहऱ्यांवरील वणांत राहिले. मरीआई गावाबाहेरच्या देवळीत अजून बसलेली आहे आणि तिचा गाडा शिवेपार नेऊन सोडण्याची रीत सांगणारी माणसे अजून भेटतात. प्लेगाला पुण्याच्या पंडिती मराठीने ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव दिले, खेड्यापाड्यांनी त्याला ‘गाठीचा ताप’ म्हटले, आणि दोन्ही नावांनी तो आपल्या स्मरणात पक्का बसला. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझालाही लोकांनी एक अत्यंत बोलके नाव दिले होते: मानमोडी. ते नाव मात्र आज वर्गात उच्चारले, तर इतिहासाचा एखादा हुशार विद्यार्थी जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातील लेण्यांविषयी बोलू लागतो. रोग कुणालाच आठवत नाही.

असे का व्हावे, हा या लेखाचा विषय आहे. तो सुचला २०२० सालच्या अखेरीस. त्या डिसेंबरात सरत्या वर्षाला निरोप देणारे लेखन सर्वत्र चालले होते आणि त्या बहुतेक लेखनात दोनच भाव आलटून पालटून येत होते. एक थकव्याचा, दुसरा कृतज्ञतेचा. आम्ही मराठीचे अध्यापक. त्यामुळे या दोन भावांना आपल्या भाषेत पूर्वी कुणी कसे लिहिले आहे याचा शोध घेणे हा आमचा स्वाभाविक उद्योग ठरला. तो अजून पुरता संपलेला नाही.

प्रथम मानमोडीचे साल पाहू. मराठी काव्याचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही दोन तारखा पाठ असतात. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवींचा मृत्यू झाला. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे क्षयाने राम गणेश गडकरी गेले. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, ३ मार्च १९१९ रोजी, हरिभाऊ आपटेही गेले. आम्ही स्वतः विद्यार्थी असताना या मृत्यूंविषयी हळहळत टिपणे घेतली आणि पुढे अध्यापक म्हणून तीच टिपणे हळहळत सांगितली. बालकवी आणि गडकरी यांच्या मृत्यूंमध्ये सुमारे नऊ महिन्यांचे अंतर आहे. या नऊ महिन्यांतच या देशाने एवढे मृत्यू पाहिले, की त्यांचा नेमका आकडा अजूनही ठरलेला नाही. सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंतचे अंदाज अभ्यासक देतात. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत तापाची पहिली लाट आली, ती तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. पाऊस त्या वर्षी दगा देऊन गेला होता, धान्य महाग होते, महायुद्ध संपत आले होते. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, आणि म्हणूनच १९२१ हे साल लोकसंख्याशास्त्राच्या पुस्तकांत महाविभाजक वर्ष म्हणून येते. भूगोलाच्या विद्यार्थ्याला ही संज्ञा परीक्षेपुरती ठाऊक असते. साहित्याच्या विद्यार्थ्याला तीही नसते. आम्ही शिकलो आणि शिकवतो त्या वाङ्मयेतिहासात १९१८ म्हणजे बालकवी, १९१९ म्हणजे गडकरी. मधल्या दिवाळीत घराघरांतून काय चालले होते, याविषयी ती पाने मूक आहेत.

याउलट प्लेग पाहावा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला आणि पुढच्या वर्षी साथ पुण्यात पसरली. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. २०२० साली आपल्या राज्यात टाळेबंदीचे आदेश निघाले ते याच सव्वाशे वर्षांच्या कायद्याच्या आधारे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुण्यात घरे तपासली गेली, माणसे विलगीकरणाच्या छावण्यांत नेली गेली, आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतर टिळकांवर खटला, चाफेकरांना फाशी. प्लेग आपल्याला आठवतो तो या क्रमाने. खरे सांगायचे तर आपल्याला प्लेग आठवत नाही, रँड आठवतो. रोगाला एक चेहरा मिळाला, टोपी आणि बंदूक मिळाली, आणि त्यामुळे त्याची कथा झाली.

मानमोडीला रँड नव्हता. ती आली, तीन-चार आठवडे घरातली सगळी माणसे एकदम आडवी झाली, जी उठली ती उठली. कुणाचा सूड घ्यावा असे कुणी नव्हते. कुणाचा जयजयकार करावा असेही कुणी नव्हते.

नळदुर्गासारख्या गावात राहणाऱ्यांना ही गोष्ट समजायला वेळ लागत नाही, कारण या गावाची स्मृती अशीच घडलेली आहे. बोरी नदीचे पात्र अडवून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने बांधलेला पाणीमहाल पाहायला पावसाळ्यात पर्यटकांची रीघ लागते. नर आणि मादी या धबधब्यांखाली उभे राहून लोक १६१३ हे साल वाचतात आणि चकित होतात. १३ सप्टेंबर १९४८ ची पहाट, हैदराबादवरील पोलीस कारवाईचा पहिला दिवस, सोलापूरकडून आलेले भारतीय सैन्य, बोरीवरचा पूल हे सारे गावातली जुनी माणसे अजूनही तपशिलाने सांगत. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडण्याची कामे, सुकडी यांविषयी तर पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाकडे काही ना काही आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्यापैकी प्रत्येकाला आठवते. किल्लारी येथून फार लांब नाही. पण १९१८ च्या शरद ऋतूत, आपला मुलूख निजामाच्या राज्यात असताना, या किल्ल्याच्या पायथ्याशी किती चुली विझल्या, हे सांगणारे कुणी नाही. किल्ल्याच्या बुरुजांना नावे आहेत. त्या वर्षी घरोघर पाणी देत फिरलेल्या एकाही माणसाचे नाव नाही.

विस्मरणाचे आणखी एक कारण आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. मानमोडीने म्हातारी आणि तान्ही माणसेच नेली नाहीत. तिने विशी-तिशीतली माणसे नेली, आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक नेल्या. शुश्रूषा करण्याचे काम कुणाचे होते हे ध्यानात घेतले, की या आकड्याचा अर्थ लागतो. आधीच अर्धपोटी असलेली बाई घरातल्या सगळ्यांच्या उशाशी बसली आणि शेवटी स्वतः आडवी झाली. म्हणजे ज्यांनी पुढे पन्नास वर्षे नातवंडांना त्या साथीची कहाणी सांगायची, त्या वयाची माणसेच निघून गेली; आणि ज्यांनी सर्वांत जास्त पाहिले, त्यांच्या हाती लेखणी कधी आलीच नव्हती. हिंदीत निराला यांनी या साथीत पत्नी आणि घरातली इतर माणसे गमावली आणि प्रेतांनी तुंबलेली गंगा पाहिली. ती ‘कुल्ली भाट’ या पुस्तकात उतरली १९३९ साली, म्हणजे एकवीस वर्षांनी. कॅथरीन ॲन पोर्टर या अमेरिकन लेखिकेची या साथीवरील प्रसिद्ध दीर्घकथाही ग्रंथरूपाने आली ती १९३९ मध्येच. योगायोग असेल, पण थकव्याला शब्द सापडायला किती काळ जावा लागतो, याचा तो एक हिशेबही आहे. व्हर्जिनिया वूल्फने १९२६ मध्येच प्रश्न केला होता, की प्रेम, युद्ध आणि मत्सर यांच्या पंगतीला आजारपण साहित्यात का बसत नाही? तिचा प्रश्न मराठीलाही लागू आहे.

टाळेबंदीच्या काळात साहित्याच्या प्राध्यापकांना एक प्रश्न फार ऐकावा लागला: “मग, या सुट्टीत काय लिहिलंत?” हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसे. तरी त्यामागे एक गैरसमज आहे. माणूस थकला, एकटा पडला, की तो लिहितो, असा. याचे उत्तर आमच्याच गावाच्या इतिहासात आहे. १८५३ मध्ये निजामाने कंपनीला तोडून दिलेल्या मुलखात नळदुर्गाचा प्रदेश होता आणि त्याचा कारभार पाहायला आला फिलिप मेडोज टेलर. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा लेखक म्हणून त्याचे नाव त्याआधीच विलायतेत झालेले होते. हा गृहस्थ किल्ल्यात राहिला, १८५७ पर्यंत राहिला, रस्ते, मोजणी, सारा यांत बुडून गेला. नळदुर्ग आणि तुळजापूर ही त्याच्या ‘तारा’ या कादंबरीची भूमी आहे. तुळजापूरच्या शास्त्र्याची विधवा मुलगी तिची नायिका. पण ती कादंबरी येथे राहत असताना आली नाही. प्रकृती ढासळून १८६० मध्ये तो मायदेशी परतला आणि ‘तारा’ प्रसिद्ध झाली १८६३ मध्ये. किल्ल्यातला माणूस राबत होता, लिहिले ते राबून मोडलेल्या माणसाने. टेलर राज्यकर्ता होता, त्याच्या ममतेला सत्तेची किनार होती, हे आम्ही विसरलेलो नाही. तरी शिणाच्या काळात लेखणी गप्प का असते, याचा हा साक्षीदार आम्हांला घरचा वाटतो.

मग आजारपण, शीण आणि कृतज्ञता हे तिन्ही एकत्र आलेले लेखन मराठीत नाहीच का? आहे, आणि ते एका पत्रात आहे. सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेल्या ज्या तीन पत्रांचा नेहमी उल्लेख होतो, त्यांतले पहिले १० ऑक्टोबर १८५६ चे, नायगावहून लिहिलेले. वर्गात आपण या पत्राचा उत्तरार्ध शिकवतो. शूद्रातिशूद्रांना शिकविण्याचे काम भावाला पटत नाही आणि सावित्रीबाई त्याला कसे निरुत्तर करतात, तो भाग. तो शिकवायलाच हवा. पण २०२० साली पूर्वार्धावर नजर अडखळली. सावित्रीबाई दीर्घ दुखण्यातून उठत आहेत. भावाने आपल्यासाठी किती खस्ता खाल्ल्या, हे त्या सांगतात. आणि याच भावाशी आपले टोकाचे मतभेद आहेत हे पुढच्या ओळींत सांगतात, म्हणून पहिली कबुली कमी करत नाहीत. मग त्यांना पुण्याची आठवण होते. आपण येथे पडून आहोत, तर शाळेचा सारा भार फातिमावर पडला असेल. तिला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करायची नाही, अशा अर्थाचे एक वाक्य त्या लिहून जातात.

या एका वाक्यापुढे आम्ही बराच काळ थांबलो. फातिमा शेख यांच्याविषयी आपल्याला फार थोडी माहिती आहे, आणि जी आहे तिच्यात या ओळीचे मोल मोठे आहे. म्हणजे आजारी बाईने अंथरुणावरून आपल्या सहकारिणीची आठवण काढली, म्हणून इतिहासाला एक पुरावा मिळाला. यात स्तुती नाही, गहिवर नाही. माझ्या वाट्याचे काम या क्षणी कोण ओढत आहे, याची नेमकी जाणीव आहे. ‘कृतज्ञ’ या शब्दाचा मूळ अर्थही तेवढाच: केलेले जाणणारा. पुढे २० एप्रिल १८७७ चे पत्र ओतूरहून, दुष्काळाच्या धामधुमीतले. आणि त्यानंतर वीस वर्षांनी प्लेग. यशवंतरावांनी पुण्याबाहेर माळावर दवाखाना उघडला, सावित्रीबाई रुग्ण आणवीत राहिल्या, मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्या असे चरित्रकार सांगतात, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. रँडच्या वधाला तेव्हा साडेतीन महिने अवकाश होता. त्याच पुण्याच्या, त्याच प्लेगाच्या या दोन कथा. त्यांतील एक शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांतून सांगितली गेली, आणि दुसरी पाठ्यपुस्तकात यायला फार उशीर झाला.

प्लेगानेच आणखी एका माणसाला चालायला लावले. पुण्यातल्या साथीमुळे धोंडो केशव कर्वे यांनी १९०० मध्ये अनाथ बालिकाश्रम हिंगण्याच्या माळावर हलवला. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे तास आटोपून ते संध्याकाळी जिन्नस घेऊन चालत हिंगण्याला जात, मुलींना शिकवीत, तेथेच झोपत आणि सकाळी परत चालत पुण्याला येत. असे दिवसचे दिवस चालले. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘आत्मवृत्त’ वाचताना जाणवते, की या माणसाला स्वतःच्या पायपिटीविषयी बोलण्यात रस नाही. लोकांनी काय दिले याविषयी बोलण्यात आहे. आज आपल्या व्यवसायात रोजचे तास, पोर्टलवर भरायची माहिती आणि मूल्यांकनाच्या फायली यांविषयी जेवढे बोलले जाते (आम्हीही बोलतो, आणि ते खोटे नसते), तेवढे कर्वे पायांविषयी बोलत नाहीत. अर्थात यावरून कुणी आजच्या अध्यापकाला उपदेश करू नये. कर्व्यांच्या अंगी जे होते ते सर्वांच्या अंगी असावे अशी अपेक्षा धरूनच व्यवस्था आपले काम टाळत असते.

हाच धोका कृतज्ञतेत आहे. मराठीत आपण ‘आभार मानतो’. शब्दातच भार आहे. ‘ऋणनिर्देश’ करतो; पीएच.डी.च्या प्रबंधात तो पहिल्या पानांवर असतो आणि पुष्कळदा तेवढाच भाग मनापासून लिहिलेला असतो. ‘उतराई’ होतो, म्हणजे ओझे खाली ठेवतो. शिणासाठीही आपल्याकडे ‘शीणभाग’ असा सुंदर जोडशब्द आहे. आल्या पाहुण्याचा शीणभाग उतरवणे हा यजमानाचा धर्म. दोन्हीकडे कल्पना एकच, अंगावर काही तरी आहे आणि ते उतरवायचे आहे. प्रश्न असा, की ते उतरवायचे कुणी? भक्तिपरंपरेत याला एक उत्तर आहे. इ.स. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, बायको आणि मूल गेले; आणि त्या आपत्तीबद्दलच ते देवाचे उपकार मानतात. हे अंतःकरणाचे असामान्य धैर्य आहे. पण ते तुकोबांनी स्वतःच्या दुष्काळाविषयी म्हटले आहे, शेजाऱ्याच्या नव्हे. दुसऱ्याच्या उपासाबद्दल आभार मानण्याची सोय त्यांनी कुणाला करून दिलेली नाही.

२२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या. आमच्याही गल्लीत वाजल्या आणि त्यांत खरा भाव होता, हे आम्ही कानांनी ऐकले आहे. त्यानंतर गावोगावच्या आशा कार्यकर्त्या हातात रजिस्टर आणि थर्मल गन घेऊन उन्हातून दारोदार फिरल्या. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पुन्हा फिरल्या. काही ठिकाणी शिव्या खाऊन परतल्या. जून २०२१ मध्ये राज्यातील याच आशांना मानधनासाठी संपावर जावे लागले. थाळी आणि संप यांमध्ये पंधरा महिन्यांचे अंतर आहे. कृतज्ञतेवर निबंध लिहू पाहणाऱ्याने हे अंतर ध्यानात ठेवलेले बरे.

आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर २०२० ची सुरुवात मोठ्या उत्सवाने झाली होती. १० ते १२ जानेवारीस उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संत गोरोबाकाकांच्या नावाची साहित्यनगरी उभी राहिली, ना. धों. महानोरांनी उद्घाटन केले, आणि पाठदुखीने बेजार असूनही अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. ग्रंथदालनात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यानंतर एवढी माणसे एकमेकांना खेटून पुस्तके चाळताना पुन्हा दिसायला दोन वर्षे गेली. नाशिकचे पुढचे संमेलन लांबत लांबत डिसेंबर २०२१ मध्ये झाले. महानोर २०२३ मध्ये आणि दिब्रिटो २०२४ मध्ये गेले. रत्नाकर मतकरींना तर त्याच वर्षी मे महिन्यात साथीने नेले.

१७ मार्चला तुळजाभवानीचे मंदिर बंद झाले ते १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, उघडले. नवरात्र भक्तांविना गेले. आषाढीला माउली आणि तुकोबांच्या पादुका एस.टी.ने पंढरपुरास गेल्या. आणि आमच्या गावावरून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद महामार्गावर एप्रिल-मे महिन्यांत माणसे चालत होती. डोक्यावर बोचके, कडेवर मूल. येथल्या बायकांनी त्यांना कडक भाकरी बांधून दिल्या. कडक भाकरी चार दिवस टिकते. वाटसरूला काय द्यावे याचे ज्ञान या भागात जुने आहे. या बायकांची छायाचित्रे कुठे आली नाहीत, आणि यावीत असे त्यांनाही वाटले नसावे.

महाविद्यालये बंदच होती. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाहीत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ऑगस्टअखेर निकालात निघाला, परीक्षा ऑक्टोबरात पर्याय निवडण्याच्या पद्धतीने झाल्या, आणि डिसेंबर उजाडला तरी शैक्षणिक वर्षाला धड सुरुवात नव्हती. त्या महिन्यात आम्ही विद्यार्थ्यांना नेहमीचा निबंध दिला नाही. एक पान लिहून मोबाईलवर पाठवायला सांगितले: या वर्षी तुमच्या वाट्याचे काम कुणी ओढले? स्तुती नको, नाव आणि काम लिहा. सावित्रीबाईंच्या पत्रातले ते वाक्य तेवढे वर लिहून दिले होते.

पाने आली. काही अपेक्षेप्रमाणे आईवर होती, आणि आईवरच्या निबंधांची भाषा शाळेत घोटून घेतलेली असते, तीच त्यांत होती. पण काही वेगळी निघाली. एकाने किराणा दुकानदाराचे नाव लिहिले. वही बंद केली नाही, एवढेच पुढे. एकीने टेकडीवरच्या लिंबाच्या झाडाचे नाव दिले, कारण गावात तेथेच नेटवर्क येत असे. ‘झाड चालेल का सर?’ असे खाली विचारले होते. पुण्याहून बंद पडलेल्या कंपनीतून परतलेल्या भावाला गावकऱ्यांनी शाळेत चौदा दिवस ठेवले, तेव्हा रोज डबा नेणाऱ्या एका शेजाऱ्याचे नाव एका मुलाने लिहिले आणि त्या घराशी आपले बांधावरून भांडण असल्याचेही लिहिले. तांड्यावरच्या एका विद्यार्थ्याचे पान चार ओळींचे होते. त्याने थोरल्या बहिणीचे नाव लिहिले होते. ‘तिचं लग्न मे महिन्यात झालं. तिनं कॉलेज सोडलं. तिचा मोबाईल मला मिळाला म्हणून मी तास करू शकलो.’

ती बहीणही आमचीच विद्यार्थिनी होती, एक वर्ष पुढे. तिच्या वर्गालाही तोच स्वाध्याय गेलेला होता. तिचे पान आले नाही. येणार कुठून, मोबाईल भावाकडे होता. या दोन नोंदींपैकी, एक आलेली आणि एक न आलेली, वाङ्मयेतिहास कोणती जपेल हे आम्ही जाणतो, आणि मानमोडीच्या सालाचे मौन कशाने बनले आहे हेही त्या दिवशी थोडे उमगले. भावाचे ऋण खरे होते. ते फेडण्याचा मार्ग त्याच्या हाती नव्हता, आणि आमच्या हाती हजेरीपट होता. पुढच्या जूनमध्ये तिला बाहेरून परीक्षेचा अर्ज भरायला लावण्यासाठी तिच्या सासरी दोनदा जाणे झाले. तिसऱ्या वर्षी तिने तो भरला.

१५ फेब्रुवारी २०२१ ला महाविद्यालये अर्ध्या उपस्थितीने उघडली आणि महिनाभरात दुसरी लाट आली, पहिलीपेक्षा कितीतरी भयंकर. १९१८ मध्येही दुसरीच घातक ठरली होती. त्या एप्रिल-मेमध्ये डिसेंबरातल्या पानांवरची काही नावे मृतांच्या यादीत गेली. वही न बंद करणारा दुकानदार त्यांत होता. ती पाने आता आम्ही छापून, शिवून विभागाच्या कपाटात ठेवली आहेत, आणि दर वर्षी नव्या वर्गाला दाखवतो. पाचांहून अधिक वर्षे लोटली; आताच्या मुलांना ती साथ शाळकरी वयातली, लांबलेल्या सुट्टीसारखी आठवते.

दाखवताना दर वर्षी एक काम मात्र देतो: घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला मानमोडीविषयी विचारून या. बहुतेक जण रिकाम्या हाताने येतात. गेल्या खेपेस एका मुलीने पणजीचे सांगितलेले लिहून आणले. पणजीला मानमोडी हा शब्द माहीत नव्हता. पण तिच्या माहेरच्या गावात एका घराला ‘पाणीवाल्यांचं घर’ म्हणत. त्यांचा आडनावाशी, जातीशी किंवा धंद्याशी त्या नावाचा संबंध नव्हता, आणि त्यांच्या वाड्यात आडही नव्हता. कधीतरी सगळं गाव तापानं पडलं होतं, तेव्हा त्या घरातली एक सून दारोदार घागर ठेवून जायची, असे पणजीने तिच्या आजीकडून ऐकले होते. सुनेचे नाव काय, हे मुलीने विचारले. ते पणजीला सांगता आले नाही.